थ्रेडच्या हाती द्यायचे काम कसे लिहावे

एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात रत्नागिरीजवळच्या एखाद्या आंब्याच्या पॅकिंग शेडमध्ये सकाळी सातला जाऊन उभे राहिले, तर तिथे कामाची जी वाटणी दिसते, ती मी विद्यार्थ्यांना थ्रेड, म्हणजे एकाच प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणारे कामाचे स्वतंत्र प्रवाह, शिकवण्याआधी नेहमी सांगतो. प्रतवारी झालेला आंबा एका बाजूला लावून ठेवलेला असतो. मुकादम एकेका ऑर्डरची चिठ्ठी लिहितो: कोणत्या प्रतीचा आंबा, किती डझन, कोणाच्या नावाने, कोणत्या गावाला. हात मोकळा झालेला गडी वरची चिठ्ठी उचलतो, पेटीत पेंढा घालून आंबा भरतो, लेबल चिकटवतो आणि पुढच्या चिठ्ठीकडे वळतो. चिठ्ठीवर गड्याचे नाव नसते. पेटी कोणी भरायची, हे चिठ्ठी लिहिताना ठरवावेच लागत नाही आणि म्हणून शेडमध्ये चार गडी असोत की दहा, चिठ्ठी लिहिण्याची रीत तीच राहते.

जावा या प्रोग्रामिंग भाषेमध्ये थ्रेड वापरताना नेमके हेच साधायचे असते. काम म्हणजे चिठ्ठी आणि थ्रेड म्हणजे गडी. ऑब्जेक्ट ओरिएंटेड पद्धतीत चिठ्ठी हे एक स्वतंत्र ऑब्जेक्ट असते: कामाला लागणारी सगळी माहिती त्याच्या पोटात असते आणि ते काम करण्याची एक मेथड त्याच्यापाशी असते. थ्रेड शिकवणारे बहुतेक धडे थ्रेड कसा तयार करायचा इथून सुरू होतात. माझ्या मते सुरुवात चिठ्ठीपासून झाली पाहिजे, कारण पुढे ज्या अडचणी येतात त्यांतल्या बहुतेक चिठ्ठी नीट न लिहिल्यामुळे येतात.

उदाहरण म्हणून माझाच एक प्रोग्राम घेतो. एका बागायतदाराच्या ऑर्डरींसाठी मी तो लिहिला होता. प्रत्येक ऑर्डरची रक्कम काढायची, कुरिअरच्या सर्व्हरकडून पार्सलचा क्रमांक मागवायचा आणि लेबलची फाइल तयार करायची, एवढेच त्याचे काम. एका ऑर्डरला सुमारे दोन सेकंद लागत आणि त्यातला जवळजवळ सगळा वेळ सर्व्हरच्या उत्तराची वाट पाहण्यात जाई. ३०० ऑर्डरी एकामागून एक केल्या की दहा मिनिटे होत आणि तोवर पेट्या भरून लेबलांसाठी खोळंबलेल्या असत. आठ थ्रेडांनी तेच काम वाटून घेतले, तर सव्वा मिनिटाच्या आसपास उरकते. हा फायदा मिळतो तो थ्रेड वाट पाहत असताना संगणकाचा प्रोसेसर मोकळा असतो म्हणून. काम निव्वळ आकडेमोडीचे असेल, तर प्रोसेसरमध्ये जेवढे कोअर आहेत त्याहून फार जास्त थ्रेड लावून काही हाती लागत नाही.

थ्रेड क्लासपासून वारसा घेऊ नये

जावामध्ये थ्रेडला काम सांगण्याची एक जुनी वाट अशी आहे की ‘थ्रेड’ या क्लासला (क्लास म्हणजे ऑब्जेक्टचा साचा) एक्स्टेंड करून, म्हणजे त्याचा वारसा घेऊन, आपला क्लास बनवायचा आणि त्याची ‘रन’ मेथड ओव्हरराइड करायची, म्हणजे आपल्या परीने नव्याने लिहायची. ही वाट चालते, पण ती घेऊ नये असे मी स्पष्टपणे सांगतो. वारसा म्हणजे ‘आहे’ हे नाते. आपला लेबल बनवणारा क्लास थ्रेडपासून निघाला, की आपण म्हणतो की लेबलाचे काम हाच एक गडी आहे. ते खरे नाही. शिवाय जावामध्ये एका क्लासला एकाच क्लासचा वारसा घेता येतो, त्यामुळे ती एकुलती जागा आपण विनाकारण खर्च करून बसतो. तिसरी अडचण व्यवहारातली आहे: थ्रेडचे ऑब्जेक्ट एकदाच सुरू करता येते, दुसऱ्यांदा ‘स्टार्ट’ म्हटले की ‘इल्लीगल थ्रेड स्टेट एक्सेप्शन’ येते (एक्सेप्शन म्हणजे प्रोग्राम चालताना उद्भवलेली चूक). चिठ्ठी गड्याच्या अंगावरच गोंदवली, तर ती पेटी भरून झाल्यावर त्या गड्याला दुसरे काम सांगता येत नाही.

रनेबल : साधी चिठ्ठी

योग्य वाट ‘रनेबल’ या इंटरफेसची, म्हणजे क्लासने कोणत्या मेथड द्यायच्या हे सांगणाऱ्या कराराची, आहे. १९९६ साली जावाची पहिली आवृत्ती आली तेव्हापासून तो भाषेत आहे. त्यात ‘रन’ नावाची एकच मेथड आहे, जी बाहेरून काही घेत नाही, काही परत देत नाही आणि चेक्ड एक्सेप्शन (ज्याची दखल घ्यायला कंपायलर भाग पाडतो ते) बाहेर टाकू शकत नाही.

‘रन’ला पॅरामीटर नाही म्हटल्यावर कामाला लागणारी माहिती आत कशी जाणार, असा प्रश्न नवशिक्याला हमखास पडतो. ती कन्स्ट्रक्टरमधून, म्हणजे ऑब्जेक्ट बनताना चालणाऱ्या कोडमधून, जाते. क्लासला ‘लेबलकाम’ असे नाव देऊ. जावामध्ये क्लासचे, मेथडचे किंवा व्हेरिएबलचे नाव देवनागरीत ठेवता येते, हे अनेकांना माहीत नसते; फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन केलेली असली म्हणजे झाले आणि जावा १८ पासून कंपायलर तेच एन्कोडिंग गृहीत धरतो. तर ‘लेबलकाम’ हा क्लास ‘रनेबल’ इम्प्लिमेंट करतो असे लिहावे. त्यात दोन फील्ड ठेवावीत, एक ऑर्डरचे आणि दुसरे कुरिअरशी बोलणाऱ्या ऑब्जेक्टचे, आणि दोन्ही ‘प्रायव्हेट फाइनल’ करावीत. कन्स्ट्रक्टरमध्ये ही दोन्ही ऑब्जेक्ट घेऊन फील्डमध्ये ठेवावीत. बाकी काहीही तिथे करू नये. विशेषतः कन्स्ट्रक्टरच्या आतूनच नवा थ्रेड सुरू करून त्याला ‘धिस’ (म्हणजे हेच ऑब्जेक्ट) देऊ नये, कारण ऑब्जेक्ट पूर्ण तयार होण्याआधीच दुसरा थ्रेड ते वापरू लागेल आणि त्याला अर्धवट भरलेली फील्डे दिसू शकतील. शेवटी ‘रन’ मेथडमध्ये प्रत्यक्ष कामाच्या तीन पायऱ्या लिहाव्यात: रक्कम, क्रमांक, फाइल.

हे काम थ्रेडला द्यायचे, तर ‘लेबलकाम’चे ऑब्जेक्ट बनवून ते नव्या थ्रेडच्या कन्स्ट्रक्टरला द्यावे आणि त्या थ्रेडवर ‘स्टार्ट’ ही मेथड बोलवावी. ‘रन’ नव्हे. ही चूक मी प्रत्येक बॅचमध्ये पाहतो, आणि ती लक्षात येत नाही कारण प्रोग्राम बिघडत नाही. ‘रन’ थेट बोलावली तर काम होते, पण ते बोलावणाऱ्याच थ्रेडवर होते. नवा थ्रेड जागा होतच नाही. मुकादमाने चिठ्ठी लिहून स्वतःच पेटी भरायला घ्यावी, तसे ते आहे. शंका असेल तेव्हा ‘रन’च्या पहिल्या ओळीत चालू थ्रेडचे नाव छापून पाहावे: ‘मेन’ असे आले तर काम मुख्य थ्रेडवरच चालले आहे, ‘थ्रेड-०’ असे आले तर नवा थ्रेड खरोखर कामाला लागला आहे.

२०१४ सालच्या जावा ८ पासून एकच मेथड असलेल्या इंटरफेससाठी लॅम्बडा, म्हणजे नाव नसलेले छोटे फंक्शन, लिहिता येतो, त्यामुळे छोट्या कामासाठी वेगळा क्लास लिहावा लागत नाही. लॅम्बडाला बाहेरचे लोकल व्हेरिएबल वापरता येते, मात्र एकदा किंमत दिल्यावर ते पुन्हा बदलता कामा नये. म्हणून साध्या ‘फॉर’ लूपमधला वाढत जाणारा ‘आय’ लॅम्बडात घेतला की कंपायलर अडवतो, आणि यादीवरून फिरणाऱ्या ‘फॉर’मधली ऑर्डर घेतली तर अडवत नाही, कारण तिथे प्रत्येक फेरीत नवे व्हेरिएबल असते. कंपायलरचा हा हट्ट त्रासाचा वाटला तरी तो आपल्या भल्याचा आहे: चिठ्ठी हातात दिल्यावर तिच्यावरचा मजकूर मागून कोणी बदलू नये, एवढेच तो सांगतो. लॅम्बडा कुठे आणि क्लास कुठे, याचा माझा ठोकताळा सोपा आहे. काम चार-पाच ओळींत संपत असेल तर लॅम्बडा. त्याहून मोठे असेल, किंवा त्या कामाला आपण बोलताना नाव देत असू, तर क्लास.

उत्तर परत हवे असेल तेव्हा कॉलेबल

‘रनेबल’ काही परत देत नाही. माझ्या प्रोग्राममध्ये प्रत्येक ऑर्डरचा पार्सल क्रमांक मुख्य यादीत भरायचा होता, म्हणजे कामाकडून उत्तर हवे होते. यासाठी ‘कॉलेबल’ हा इंटरफेस आहे. २००४ साली जावा ५ मध्ये, डग ली यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या कन्करन्सी लायब्ररीबरोबर तो आला. त्यातली ‘कॉल’ ही मेथड ठरवलेल्या प्रकारचे उत्तर परत देते आणि तिला कोणतेही एक्सेप्शन बाहेर टाकता येते. नेटवर्क आणि फाइल यांच्याशी संबंध असलेल्या कामांत दुसरी गोष्ट पहिलीइतकीच महत्त्वाची आहे, कारण ‘रनेबल’मध्ये अशी एक्सेप्शन आतल्या आत पकडावी लागतात आणि घाईत असलेला माणूस ती पकडून गिळून टाकतो.

‘कॉलेबल’ थेट थ्रेडला देता येत नाही. ते ‘एक्झिक्युटर सर्व्हिस’ला, म्हणजे गड्यांच्या तुकडीला, ‘सबमिट’ करावे. सबमिट केल्याबरोबर हातात ‘फ्युचर’ नावाचे ऑब्जेक्ट येते. ती पावती समजावी. काम पूर्ण झाल्यावर पावती दाखवून, म्हणजे ‘गेट’ बोलावून, उत्तर घ्यायचे. काम अजून झालेले नसेल तर ‘गेट’ तिथेच थांबून राहते.

इथे दोन ठिकाणी पाय घसरतो. पहिले ठिकाण म्हणजे एकाच लूपमध्ये सबमिट करून लगेच पुढच्या ओळीवर ‘गेट’ करणे. असे केले की पहिल्या ऑर्डरचे उत्तर येईपर्यंत दुसरी चिठ्ठी दिलीच जात नाही. आठ गडी उभे आहेत आणि काम एकटाच करतो आहे, अशी अवस्था होते आणि पुन्हा दहा मिनिटे लागतात. आधी एका लूपमध्ये सगळ्या चिठ्ठ्या देऊन पावत्या यादीत जमवाव्यात आणि नंतर दुसऱ्या लूपमध्ये त्या यादीवरून फिरत उत्तरे घ्यावीत. सगळी कामे आधीपासून तयार असतील तर ‘इन्व्होक ऑल’ ही मेथड हेच एका ओळीत करते.

दुसरे ठिकाण जास्त खोल आहे आणि तिथे मी स्वतः पडलो आहे. पहिल्या आवृत्तीत मी पावत्या जमवल्या होत्या, पण ज्या दिवशी क्रमांकांची गरज नव्हती, नुसती लेबलेच हवी होती, त्या दिवसासाठी ‘गेट’चा लूप वगळला होता. प्रोग्राम काही न कुरकुरता संपला. संध्याकाळी टेम्पोत पेट्या चढवताना मोजणी झाली तेव्हा ३०० पेट्यांना २९९ लेबले निघाली. एका ऑर्डरीत पिनकोडची जागा रिकामी होती. त्या कामात एक्सेप्शन आले होते, पण ‘सबमिट’ने दिलेल्या कामातले एक्सेप्शन पडद्यावर येत नाही; ते त्या कामाच्या ‘फ्युचर’मध्ये बंद होऊन राहते आणि ‘गेट’ बोलावणाऱ्यालाच ‘एक्झिक्युशन एक्सेप्शन’च्या वेष्टनात मिळते. मूळ कारण पाहायचे तर त्या वेष्टनावर ‘गेट कॉज’ बोलवावे लागते. मी पावती दाखवलीच नव्हती, म्हणून मला तक्रारही ऐकू आली नाही.

तेव्हापासून माझा नियम असा आहे की ‘सबमिट’ केले की ‘गेट’ केलेच पाहिजे, उत्तर नको असले तरी. ज्या कामाची पावती खरोखरच ठेवायची नाही, ते ‘एक्झिक्यूट’ने द्यावे, त्यातले न पकडलेले एक्सेप्शन निदान एरर स्ट्रीमवर छापले जाते. शिवाय ‘गेट’ला मुदत देता येते, उदाहरणार्थ ३० सेकंद. नेटवर्कवर अवलंबून असलेल्या कामात ही मुदत द्यावीच, आणि त्याहून चांगले म्हणजे कामाच्या आत, नेटवर्कच्या विनंतीलाही मुदत घालावी, कारण ‘गेट’ची मुदत संपली तरी मागे काम चालूच राहते.

किती गडी लावायचे

‘एक्झिक्युटर’ बनवताना थ्रेडांची संख्या द्यावी लागते. आकडेमोडीच्या कामासाठी ‘रनटाइम’ला विचारून उपलब्ध प्रोसेसरांइतके थ्रेड घ्यावेत. वाट पाहण्याच्या कामासाठी जास्त घेता येतात, पण मग मर्यादा समोरच्या सर्व्हरची असते: त्याला एका वेळी किती विनंत्या झेपतात, तेवढेच गडी लावण्यात शहाणपण आहे. ठरावीक संख्येच्या पूलमागे (पूल म्हणजे थ्रेडांची तुकडी) कामांची जी रांग असते, तिला डीफॉल्टने लांबीची मर्यादा नसते, हेही ध्यानात ठेवावे. ३०० ऑर्डरींना त्याने काही बिघडत नाही. दिवसरात्र चालणाऱ्या प्रोग्राममध्ये मात्र रांग वाढत वाढत मेमरी खाऊन टाकू शकते.

सगळ्या चिठ्ठ्या देऊन झाल्यावर ‘शटडाउन’ करावे आणि ‘अवेट टर्मिनेशन’ने कामे संपेपर्यंत थांबावे. ‘शटडाउन’ विसरले तर मुख्य थ्रेड संपूनही प्रोग्राम बंद होत नाही, कारण पूलमधले थ्रेड पुढच्या चिठ्ठीची वाट पाहत बसलेले असतात. जावा १९ पासून एक्झिक्युटर ‘ट्राय’च्या कंसात उघडता येतो आणि ब्लॉक संपताना तो आपोआप कामे संपवून बंद होतो. नवीन प्रोग्राम लिहिणाऱ्याने हीच रीत धरावी.

एका पूलमधल्या कामाने त्याच पूलला दुसरे काम देऊन त्याच्या ‘गेट’वर थांबू नये. आठही गडी आपापल्या हातातली चिठ्ठी धरून दुसऱ्या चिठ्ठीच्या उत्तरासाठी थांबले, तर ती दुसरी चिठ्ठी उचलायला कोणी उरत नाही आणि सगळे कायमचे अडकते. असे प्रोग्राम थोड्या ऑर्डरींवर व्यवस्थित चालतात आणि हंगामाच्या ऐन गर्दीत बंद पडतात.

सप्टेंबर २०२३ मध्ये जावा २१ बरोबर व्हर्च्युअल थ्रेड पक्के झाले. हे थ्रेड इतके हलके असतात की प्रत्येक कामाला नवा थ्रेड देता येतो आणि पूल ठेवण्याची गरज राहत नाही. मी माझा प्रोग्राम त्यांच्यावर नेला तेव्हा एक्झिक्युटर बनवणारी एक ओळ बदलावी लागली आणि सर्व्हरवर एकदम ३०० विनंत्या जाऊन आदळू नयेत म्हणून आठ परवान्यांचा एक ‘सेमाफोर’, म्हणजे एका वेळी आठच कामांना पुढे सोडणारा पहारेकरी, ठेवावा लागला. ‘लेबलकाम’मध्ये सेमाफोर घेण्या-सोडण्यापलीकडे एक अक्षरही बदलले नाही. ते थ्रेडपासून निघालेले असते, तर सगळे मुळापासून लिहावे लागले असते. पायथनमध्ये थ्रेडला फंक्शन देता येते, सी शार्पमध्ये डेलिगेट देता येतो, सी प्लस प्लसमध्ये २०११ च्या मानकापासून लॅम्बडा देता येतो. भाषा कोणतीही असली तरी काम आणि ते करणारा यांची फारकत तिथे याच कारणाने केलेली आहे.

एकच वही आणि आठ हात

आतापर्यंत प्रत्येक चिठ्ठी स्वतंत्र होती. खरी कसोटी लागते ती दोन कामे एकाच ऑब्जेक्टला हात लावतात तेव्हा. एकूण किती डझन आंबा गेला, हे मोजण्यासाठी सगळ्या कामांनी मिळून एक सामाईक आकडा वाढवायचा, असे समजू. ‘आकड्यात एक मिळव’ ही आपल्याला एक कृती दिसते, पण यंत्रासाठी त्या तीन आहेत: आकडा वाचणे, त्यात एक मिळवणे, आणि नवा आकडा लिहिणे. वहीत ४१ लिहिलेले आहे. पहिला थ्रेड ४१ वाचतो. तो लिहिण्याआधी दुसराही ४१ वाचतो. पहिला ४२ लिहितो, दुसराही ४२ लिहितो. दोन डझन गेले आणि वहीत एकच चढला. हे प्रत्येक वेळी होत नाही, म्हणूनच ते वाईट: दहा वेळा बेरीज जुळते आणि अकराव्या वेळी जुळत नाही.

यावर पहिला उपाय म्हणून विद्यार्थी ‘रन’ मेथडलाच ‘सिंक्रोनाइज्ड’ लावतात. त्याने काहीही सुटत नाही. सिंक्रोनाइज्ड मेथड त्या-त्या ऑब्जेक्टचे कुलूप घेते, आणि इथे ३०० कामे म्हणजे ३०० ऑब्जेक्ट, म्हणजे ३०० वेगवेगळी कुलुपे. वही एक आणि कुलपे तीनशे असतील तर वही उघडीच आहे. कुलूप वहीचे हवे: सामाईक आकडा ज्या ऑब्जेक्टमध्ये आहे, त्याच्या मेथडला सिंक्रोनाइज्ड करावे, किंवा साध्या आकड्याच्या जागी ‘अटॉमिक इंटिजर’ वापरावा, जो वाचणे-मिळवणे-लिहिणे हे एकसंध करतो. सामाईक यादीसाठी साधी ‘ॲरे लिस्ट’ आणि सामाईक कोशासाठी साधा ‘हॅश मॅप’ वापरू नये; त्यांच्या जागी कन्करंट प्रकार आहेत.

पण त्याही आधी स्वतःला विचारावे की हा आकडा सामाईक असण्याची गरज आहे का. माझ्या अनुभवात दहातल्या आठ वेळा नसते. प्रत्येक ‘कॉलेबल’ने आपल्यापुरते किती डझन गेले ते परत द्यावे आणि मुख्य थ्रेडने ‘गेट’ करता करता बेरीज करावी. कुलूप नाही, अटॉमिक नाही, चुकण्याची जागाही नाही. शिवाय कामाने ‘गेट’च्या आधी जे काही लिहिले ते ‘गेट’नंतर मुख्य थ्रेडला दिसेल, याची हमी जावाच देतो. आत जाणारी माहितीही अशीच न बदलणारी असावी. ऑर्डरसाठी २०२१ सालच्या जावा १६ मध्ये पक्का झालेला ‘रेकॉर्ड’ वापरावा, कारण त्याची फील्डे एकदा भरली की बदलत नाहीत. रेकॉर्डच्या आत यादी असेल तर मात्र तिची न बदलणारी प्रत करून ठेवावी, कारण रेकॉर्ड यादीचा पत्ता गोठवतो, यादीतला माल गोठवत नाही.

थांबवणे आणि पुन्हा पुन्हा चालवणे

चालू काम मधेच थांबवावे लागते. ऑर्डर रद्द झाली, किंवा वीज गेली, संगणक यूपीएसवर आला आणि हातातले गुंडाळणे भाग पडले. जावामध्ये बाहेरून थ्रेड मारता येत नाही. ‘स्टॉप’ ही जुनी मेथड फार वर्षांपूर्वीच नाकारली गेली आणि जावा २० पासून ती बोलावली की थेट एक्सेप्शन येते. पावतीवर ‘कॅन्सल’ला ‘ट्रू’ देऊन बोलावले की चालू थ्रेडला फक्त ‘इंटरप्ट’ची खूण मिळते, आणि ती पाहून थांबणे ही कामाची जबाबदारी असते. म्हणून लांब चालणाऱ्या कामाच्या लूपमध्ये ही खूण तपासावी. झोपलेल्या किंवा रांगेवर वाट पाहणाऱ्या थ्रेडला ही खूण ‘इंटरप्टेड एक्सेप्शन’च्या रूपाने मिळते आणि तेव्हा मूळ खूण पुसली जाते. ते एक्सेप्शन पकडून ‘कॅच’चा ब्लॉक रिकामा सोडला, तर थांबण्याचा निरोप तिथेच हरवतो. ‘कॉलेबल’मध्ये ते बाहेर जाऊ द्यावे, ‘रनेबल’मध्ये ते पकडून चालू थ्रेडवर ‘इंटरप्ट’ पुन्हा बोलवावे आणि ‘रन’मधून परतावे.

ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा करायचे काम ‘शेड्यूल्ड एक्झिक्युटर’ला देतात, आणि तिथला एक बारकावा मला फार उशिरा कळला. माझ्या एका मित्राच्या बर्फाच्या कारखान्यात शीतखोलीचे तापमान दर पाच मिनिटांनी नोंदवणारे काम मी लिहून दिले होते. एका रात्री सेन्सरकडून आकड्याऐवजी रिकामी ओळ आली, तिचा आकडा करताना एक्सेप्शन आले, आणि पुढच्या नोंदी बंद झाल्या. प्रोग्राम चालू होता, पडद्यावर काही चूक नव्हती, फक्त रात्री दोननंतरचे रकाने कोरे होते. अशा आवर्ती कामातून एकदा जरी एक्सेप्शन बाहेर पडले, तर एक्झिक्युटर ते काम कायमचे थांबवतो, आणि कारण पुन्हा त्या ‘फ्युचर’मध्येच पडून राहते. म्हणून आवर्ती कामाच्या ‘रन’मधला सगळा मजकूर ‘ट्राय’मध्ये ठेवून ‘कॅच’मध्ये चूक लॉगमध्ये लिहावी. एरवी मी सरसकट सगळी एक्सेप्शन पकडण्याच्या विरोधात आहे. इथे ते करणे भाग आहे.

राहता राहिली चाचणी. काम हे स्वतंत्र ऑब्जेक्ट असल्यामुळे ते तपासायला थ्रेड लागत नाही. चाचणीत कुरिअरशी बोलणाऱ्या ऑब्जेक्टच्या जागी ठरलेले उत्तर देणारे एक साधे ऑब्जेक्ट कन्स्ट्रक्टरला द्यावे, ‘कॉल’ मुख्य थ्रेडवरच थेट बोलवावी आणि उत्तर पडताळावे. वर ‘रन’ थेट बोलावणे ही चूक म्हटली होती. चाचणीत तीच गोष्ट मुद्दाम करायची असते. एक ऑर्डर सगळी माहिती बरोबर असलेली घ्यावी, एक शून्य डझनांची, एक देवनागरी पत्त्याची आणि एक पिनकोडची जागा रिकामी असलेली. या चारही ऑर्डरींवर काम काय करते हे समोर दिसले, मगच ते एक्झिक्युटरच्या हाती द्यावे.